ओवा आणि ओवी

जुनी शुक्रवारी, नागपूर
५ ऑगस्ट १९७३

जयवंता,

वर काय लिहावं याच्यापायी तीन कागद फाडले. ‘चिरंजीव’ लिहावं तर तू म्हणशील, आला मोठा आशीर्वाद देणारा. ‘सौभाग्यवती’ लिहावं तर लग्नाची पत्रिका वाटते. म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझ्या लग्नानंतर सहा वर्षांत भावाचं पहिलं पत्र भिलाईला आलं, म्हणजे काही बरं नसणार, हे तू पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं असशील.

आईला लकवा मारला. चोवीस जुलैला सकाळी न्हाणीत बादली पडल्याचा आवाज आला. मी दाढी करत होतो. गेलो तर आई भिंतीला टेकून बसलेली आणि माझ्याकडे अशी पाहते, जशी मीच काही चूक केली. रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं, परवा घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा गेली. डोक्यात सगळं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात, पण तोंडातून निघतं फक्त ‘ता’. पाणी पाहिजे तरी ‘ता’, खिडकी लाव तरी ‘ता’. तुझ्या गाण्याच्या गोपाळराव मास्तरांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, तबल्याचा पहिला धडा बरा चालला आहे.

बघ. ही माझी जीभ. आई अशी पडलेली आणि मला विनोद सुचतो. तुला माहीतच आहे हा रोग.

तू ये. चार दिवसांसाठी ये. रुपरावजींना सुट्टी नसेल तर मी भिलाईला घ्यायला येतो, पार्सल ऑफिसातून मला पास मिळतो.

ते जुनं प्रकरण मनात असेल तर त्याबद्दल दोन शब्द. साप्ताहिकात ‘कर्णकटू’ हे सदर लिहिणं तेव्हा माझं कामच होतं. गाण्याच्या बैठकींना जायचं आणि लोक काय वेड्यासारखं बोलतात ते टिपून आणायचं. तुझ्या पहिल्या कार्यक्रमावर लिहिलं त्यात तुझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ‘एक कुमारी’ एवढंच लिहिलं होतं. आणि आई जे बोलली ते बोलली. तिला गाण्यातलं काय कळतं? अडाणी बाई. तिच्यावर सात वर्षं राग धरून काय मिळालं? तिला माफ कर आणि ये.

तुझा भाऊ,
शालिकराम

२० ऑगस्ट १९७३

जयवंता,

तुझं उत्तर नाही. राहू दे. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगायला मला दुसरं कोणी नाही.

शेजारच्या रुखमाबाई दुपारी आईजवळ बसतात, तेवढ्या भरवशावर मी ऑफिसला जाऊ शकतो. तू गेल्यावर त्या राहायला आल्या; एकट्याच असतात. गेल्या आठवड्यात एक दिवस रविवारच्या पाळीच्या बदल्यात मला सुट्टी होती. रुखमाबाई खाटेजवळ तांदूळ निवडत होत्या आणि आपल्याशीच जात्यावरची एक ओवी गुणगुणत होत्या. मी स्वयंपाकघरात. तेवढ्यात दुसरा आवाज आला. मला वाटलं बाहेरून कोणी आलं. येऊन पाहतो तर आई गाते आहे, जया! शब्दांसकट. एकही शब्द तुटला नाही.

दळण दळते वं, पीठ पडे सुपामंधी
जयवंता माझी बाई, निजे माझ्या पदरामंधी.

रुखमाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. म्हणाल्या, “शालिकभाऊ, माय बोलली ना वं!” स्त्रीला म्हणायचं ते ‘वं’ मला म्हणाल्या, इतक्या त्या भांबावल्या होत्या. मी धावत जाऊन विचारलं, “माय, पानी पाहिजे काय?” आईनं माझ्याकडे पाहिलं, सगळा जीव गोळा केला आणि म्हणाली, “ता.”

ती ओवी तू पाळण्यात होतीस तेव्हाची आहे. मी सात वर्षांचा होतो, मला आठवते.

मी तसाच सायकल काढून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “बोलणं डोक्याच्या एका बाजूला राहते, गाणं दुसऱ्या बाजूला. एका बाजूची लाईट गेली, दुसरीकडची चालू आहे. तुम्ही बोलू नका, गाऊन विचारा. तीही गाऊन सांगेल. सुरात जेवू घाला, जेवेल.” मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, आमच्या घरात गाणारी होती ती भिलाईला आहे. मी तर गाण्यावर टीका लिहीत होतो.” डॉक्टर म्हणाले, “मग गाणं तुम्हाला चांगलंच येत असेल.” अशा माणसाशी काय बोलणार?

तर जया, मी गातो. मला दोन चाली येतात. एक आरतीची आणि दुसरीही आरतीचीच, फक्त हळू. दुपारची गोळी मी आरतीच्या चालीवर घे म्हणालो, तर आईनं डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि गोळी खाल्ली नाही. समोरचा कवडू सायकल दुरुस्त करता करता ओरडला, “भाऊ, लकवा मायले झाला, तुम्ही काहून गाऊन राहिले?” ऑफिसात साहेबांना सांगितलं की गाण्यानं आई बरी होईल म्हणतात, तर म्हणाले, “कमाल आहे, आमच्या घरी तर गाण्यानंच मंडळी आजारी पडतात.”

पूर्वी असलं एकेक वाक्य मी वहीत उतरवून घेत असे. आज साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, “अरे, मी गंमत केली.” मीही आयुष्यभर हेच म्हणत आलो.

हसू नकोस. खरं सांगतो, आई जेवत नाही. मी तोंडाशी घास नेतो, गातो, ती ऐकते, डाव्या ओठानं थोडं हसते आणि तोंड मिटते. रुखमाबाईंना दोनच ओव्या येतात. काल दिवसभरात तीन घास. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. तिला तिची चाल पाहिजे, जया. ती तुझ्या गळ्यात आहे. माझ्या नाही.

ये.

शालिकराम

४ सप्टेंबर १९७३

जयवंता,

तू येत नाहीस म्हणून मी गोपाळराव मास्तरांकडे गेलो. महाल भागात, त्याच माडीवर. ज्या माणसाला मी ‘कर्णकटू’त तीन वेळा ‘पेटीतले वारे’ म्हटलं, त्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. म्हातारे झाले आहेत. चष्मा पुसून मला पाहिलं आणि म्हणाले, “या. तुमचं सगळं लेखन वाचलेलं आहे. चांगलं लिहिता. कान असते तर आणखी चांगलं लिहिलं असतं.”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेटी पुढे ओढली.

“सा लावा.”

मी लावला.

“हा सा नाही.”

“मग कोणता आहे?”

“ते अजून ठरायचं आहे. परत.”

परत लावला. मास्तर डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “शालिकराम, तुमच्या गळ्यात सूर नाहीत असं मी म्हणणार नाही. सातही आहेत. फक्त ते एकाच वेळी बाहेर येतात.”

मी लहानपणी तीन महिने याच माडीवर शिकायला येत होतो, हे तुला माहीत नसेल. तू जन्मली त्याच वर्षी. तेव्हाही त्यांनी मला सांगितलं होतं, “पोरा, तू ऐकणारा हो. गाणारे पुष्कळ आहेत.” मी घरी येऊन आईला हे सांगितलं नाही. हसून सांगितलं की मास्तरांचाच सूर लागत नाही. आई खूप हसली. घरात मी बोललो की हसायचं, हे तिथून सुरू झालं.

तर रोज ऑफिस सुटल्यावर एक तास. मास्तर मला राग शिकवत नाहीत, ओवी शिकवतात. फक्त तेवढ्या चार सुरांची चाल, जी बायका कुणाकडे न जाता शिकतात. परवा गणपतीच्या मांडवातला लाउडस्पीकर इतका मोठा होता की मला माझा आवाजच ऐकू येत नव्हता. मास्तर म्हणाले, “आज तुमचं चांगलं लागलं.”

शनिवारी घरी गाऊन पाहिलं. “खाय वं माय घास, दूध-भाताचा.” आईनं कान दिला. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आणि तोंड उघडलं. जया, चार घास खाल्ले. पाचव्या घासाला माझा आवाज फाटला आणि तिनं डाव्या हातानं माझा गळा हलकेच दाबला, की पुरे. रुखमाबाई म्हणाल्या, “जेवली पोटभर नाही, पण ऐकून पोट भरलं.”

मास्तरांनी तुझी चौकशी केली. म्हणाले, रेडिओच्या चाचणीला आठ दिवस होते, पोरगी आली नाही ती आलीच नाही. तंबोरा अजून तिच्याच उंचीच्या खुंटीवर आहे. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी नीट दिलं नाही. पुढे कधी लिहीन.

नळीचं संकट टळलेलं नाही. चार घासांवर माणूस किती दिवस काढणार? तिचं वजन इतकं कमी झालं आहे की मी तिला एका हातानं कुशीवर वळवतो.

शालिकराम

१३ सप्टेंबर १९७३

जया,

तुझं कार्ड मिळालं. मी ते दहा वेळा वाचलं, म्हणून पाठ झालं आहे. “आईचं ऐकून वाईट वाटलं. पण ज्या तोंडानं ती ते बोलली, ते तोंड बंद झालं म्हणून मी धावत यावं काय? हे म्हणतात जा. मी येणार नाही.”

मास्तरांनी जो प्रश्न विचारला तो आता लिहितो. ते म्हणाले, “ओव्याचं ते वाक्य, ते खरोखर तुमची आई बोलली काय?” मी म्हणालो, हो.

ते खोटं आहे.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर परत लिहू शकणार नाही, म्हणून वाकडंतिकडं आलं तरी खोडणार नाही.

तुझा कार्यक्रम आठव. रामदासपेठेतला गणपतीचा मांडव, सप्टेंबर सहासष्ट. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, “आता कुमारी जयवंता शास्त्रीय गाणार आहेत, तरी सर्वांनी शांततेनं सहन करावं.” अध्यक्ष म्हणाले, मला गाण्यातलं काही कळत नाही म्हणूनच मला बोलावलं आहे, म्हणजे पक्षपात होणार नाही. माझ्या मागचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, “ही पोरगी एकच ओळ काहून घोकून राहिली? पुढची पाठ नाही काय?” मी धडाधड लिहून घेत होतो. मला वाटलं, आजचा मजकूर सोन्यासारखा झाला.

मी आणि माय दुसऱ्या ओळीत सतरंजीवर. मी तिच्या कानाशी एकेक गंमत सांगत होतो. तिनं वळून पाहिलं नाही. तिसरी सांगितली, चौथी सांगितली. ती आपली समोर पाहत होती. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की मी बोललो आणि माय हसली नाही. तू ती शेवटची तान घेतली, वरून खाली आली, आणि मी मायकडे पाहिलं. मायच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती शेजारच्या बाईला नाही, मला नाही, कोणालाच नाही, अशी म्हणाली, “हे माझ्या पोटचं हाय काय गा?”

हे ती बोलली, जया. एवढंच बोलली. हे माझ्या पोटचं हाय काय गा.

घरी येऊन मी लिहायला बसलो. लोकांची वाक्यं होतीच. शेवटाला काहीतरी मोठं पाहिजे होतं. ते ‘पोट’ माझ्या डोक्यातून जाईना. मी लिहिलं, “कुमारीची शेवटची तान ऐकून तिच्या मातोश्री शेजारणीला म्हणाल्या, पोरीचं पोट दुखून राहिलं वाटते, ओवा आणला असता तर बरं झालं असतं.”

संपादक खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. तीन दिवसांत ते सगळ्या शुक्रवारीत पसरलं. पोरं तुला रस्त्यात ‘ओवा’ म्हणायला लागली. दुकानदार ओव्याची पुडी दाखवायला लागला. तू मास्तरांकडे जाणं बंद केलं. चाचणीच्या दिवशी तू उठून कपडे धुवायला बसली. मी पाहत होतो. एक शब्द बोललो असतो तर तू तशीच ओल्या हातांनी रेडिओत पोचली असती. बोललो नाही.

मग तू मायला विचारलं. मी दारात उभा होतो. तू म्हणाली, “तू असं म्हटलं काय, माय?” मायला वाचता येत नाही, तिला तेव्हाच कळलं की मी काय लिहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत नाही. ती तुला म्हणाली, “हो. म्हटलं. गंमतीनं म्हटलं.”

तू आत गेली. मी मायला धरून विचारलं, “काहून म्हटलं तू असं?” ती म्हणाली, “मायवरचा राग किती दिवस राहीन? बाळंतपनाले येईन तेव्हा उतरन. भावावरचा राग नाही उतरत गा. उद्या मी मेली त तिले माहेर म्हनून कोन राहीन? अन् तुले कोन हाय?”

तिचा हिशेब चुकला. तू बाळंतपणालाही आली नाही. लग्नात निघताना तू तिच्या पाया पडली, गळ्यात पडली नाही. तेवढं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी ती दळताना गात नव्हती.

आणखी आहे. दर दिवाळीला माय म्हणायची, जयूले चिठ्ठी लिही. ती सांगायची, मी लिहायचो, वाचून दाखवायचो. पोस्टात टाकली नाही. सहाच्या सहा माझ्या ट्रंकेत होत्या. वाटायचं, तू आली, दोघी समोरासमोर बसल्या, की सगळं उघडं पडेल. मायला सांगत आलो, जयूचं उत्तर नाही आलं. ती म्हणायची, “कामात असन.”

ती सहाही पत्रं सोबत ठेवली आहेत. अक्षर माझं आहे, बोलणं सगळं तिचं आहे. त्यात मी काही गंमत घातली नाही.

हे पत्र मी आज मायला वाचून दाखवलं. साधं बोलून, न गाता. ‘पोटचं हाय काय’ इथपर्यंत आलो तेव्हा तिनं डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. वाचू नको म्हणत होती. मी तिचा हात काढून पुढे वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही.

मी माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. तू माझ्यासाठी येऊ नकोस. ती तुला कधीच हसली नव्हती, एवढं डोक्यात ठेव आणि त्यावर जे वाटेल ते कर. लवकर कर. काल दोन घास.

शालिकराम

२८ ऑक्टोबर १९७३

जया,

तू समोर होतीस तेव्हा तू बोलली नाही, मीही बोललो नाही. घरात सतरा दिवस आपण दोघं भांड्यांच्या आवाजात वागलो. आता तू परत भिलाईला आहेस तर लिहितो.

तू आलीस त्या सकाळी मी मायला गोळी देत होतो. “घे वं माय गोळी, पान्यासंगं.” पाठ दाराकडे होती. मागून आवाज आला, “सूर खाली लागून राहिला.” सात वर्षांनी तू मला बोललेलं पहिलं वाक्य. मी वळलो तर तू उंबऱ्यात, हातात पिशवी, मागे रुपरावजी. मला वाटलं आता माय गाईल. तिनं तुला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस तिनं तोंड फिरवलं नाही. तू खाटेजवळ बसून राहिलीस, मी स्वयंपाकघरात. मी काय लिहून बसलो, असं वाटत होतं. हे सांगितलं नसतं तर निदान ती दोन घास खात तरी होती.

तिसऱ्या दिवशी तू तिची वेणी घालत होतीस. मी भाकरी थापत होतो. तू आधी नुसतं ‘हं’ केलं. मग चाल धरली. शब्द नव्हते. मग तिचा आवाज आला, बारीक, फाटका, तुझ्या आवाजाच्या मागे मागे. तव्यावरची भाकर जळून काळी झाली, धूर झाला, रुखमाबाई धावत आल्या. मी उलथनं हातात धरून तसाच उभा होतो. तू सात वर्षांत गायली नव्हतीस, हे मला रुपरावजींनी नंतर सांगितलं. नवरा असून त्यांनी तुझा गळा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवशी ती वाटीभर दूधभात जेवली.

तू तिला घेऊन जायचं म्हणालीस तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही. म्हणायचं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं, की ती गेली तर या घरात मी कोणाशी बोलू. पण चार घास आणि वाटीभर भात यातला फरक मला कळतो.

स्टेशनावर तुझं एक वाक्य मी घेऊन आलो आहे. हमालांनी मायला खुर्चीत बसवून डब्यात चढवलं, रुपरावजी आत गेले. तू प्लॅटफॉर्मवर माझ्यासमोर थांबलीस. मला वाटलं तू शिव्या देशील. तू म्हणालीस, “तू खोटं लिहिलं त्याचं मले एवढं नाही, भाऊ. तू तसाच आहे. पन तिनं निवडलं ना. आपल्या दोघांतून एकाले वाचवाचं होतं, तिनं तुले वाचवलं. ते कुठं ठेवू मी?” गाडीनं शिटी दिली. तू डब्यात चढलीस. बावीस दिवस झाले, रोज ऑफिसला जाताना ते वाक्य माझ्याबरोबर सायकलवर बसते.

आता काल आलेल्या रुपरावजींच्या पत्राबद्दल. ते लिहितात, रविवारी सकाळी तू अंगणात होतीस आणि मायनं न गाता, साधं, खाटेवरून म्हटलं, “पानी.” नंतर संध्याकाळी, “जयू.” मी ते पत्र घेऊन महालात मास्तरांच्या माडीवर धावत गेलो. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “आता तुम्हाला शिकवायचं कारण उरलं नाही.” आणि तरी पेटी पुढे ओढली. मीही बसलो. का बसलो ते विचारू नकोस. घरी जाऊन काय करायचं होतं?

ती बोलू लागेल, जया. हळूहळू सगळं बोलेल, डॉक्टरांनी सांगितलंच होतं की कधीकधी होते. मग तू तिला विचारशीलच. की माय, तू त्याले काहून वाचवलं? विचार. मी तिथं नसेन, तिला माझ्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. ती जे सांगेल ते ऐक. तिला तू कमी नव्हतीस, हे मी सांगून तू मानणार नाहीस, तिच्या तोंडून ऐक. कदाचित तिच्याकडेही धड उत्तर नसेल. तेही ऐक.

फक्त एक. ती तुला म्हणेल, शालिक लहान होता, शालिकचं चुकलं नाही, मीच म्हटलं होतं. सवय आहे तिला. तसं म्हणाली तर मानू नकोस. तिच्याजवळ बस, तिचा हात धर, आणि नाही म्हण.

शालिकराम